एका शिपायाच्या पत्रामागे दहा महिने

अमेरिकेतले जुने लष्करी कागद शोधायचे कसे, असं गेल्या काही दिवसांत मला तिघाचौघांनी विचारलं. दरवेळी फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढते. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या एका काळ्या शिपायानं अब्राहम लिंकनला लिहिलेल्या पत्राचा माझा शोध जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला आणि नोव्हेंबरात पुरा झाला. इतिहास हा माझा विषय नाही. पुण्यात असताना भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचा वर्ग केला होता, तेवढीच शिदोरी. कुठे जायचं, कुणाला विचारायचं, किती पैसे लागतील, काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून तारखा आणि खर्च मुद्दाम नोंदवते आहे.

आम्ही बॉस्टनजवळ फ्रेमिंगहॅमला राहतो. मी एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून; वेगळी परवानगी नसेल तर त्यावर नोकरी करता येत नाही. जानेवारीतल्या एका रविवारी बॉस्टनला गेलो होतो. स्टेट हाउसच्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या समोर, रस्त्यापलीकडे ब्राँझचं एक मोठं उठावशिल्प आहे. मधोमध घोड्यावर कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ आणि त्याच्या बरोबरीनं पायी चाललेले काळे शिपाई. यादवी युद्धात (१८६१-६५, उत्तरेची राज्यं विरुद्ध गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्यं) उत्तरेनं उभ्या केलेल्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीय पलटणींपैकी ही एक, ५४ वी मॅसॅच्युसेट्स. ऑगस्टस सेंट-गॉडन्सनं त्यावर जवळजवळ चौदा वर्षं काम केलं आणि १८९७ साली त्याचं अनावरण झालं. बर्फ नुकतंच थांबलं होतं. शिपायांच्या टोप्यांवर, पाठीवरच्या वळकट्यांवर, बंदुकांच्या नळ्यांवर पांढरी रेघ बसलेली. मी जवळ जाऊन एकेक चेहरा बघितला. कुणी पोरसवदा, कुणी दाढीवाला, एकासारखा दुसरा नाही.

शिल्पाच्या मागच्या बाजूला नावं कोरलेली आहेत. ती मूळची नाहीत, १९८० च्या दशकात कोरलेली आहेत. दक्षिण कॅरोलिनातल्या फोर्ट वॅगनर या शत्रूच्या किल्ल्यावरच्या हल्ल्यात, १८ जुलै १८६३ ला, जे पडले त्यांची. नवरा गाडीत जाऊन बसला तरी मी ती नावं वाचत होते. जे त्या दिवशी वाचले आणि नंतर कुठेतरी दुसरीकडे मेले, त्यांचं काय, हा प्रश्न तिथेच मनात आला.

घरी येऊन वाचायला बसले आणि जेम्स हेन्री गुडिंग सापडला. हा ५४ व्या पलटणीच्या सी कंपनीतला कॉर्पोरल, आपल्या फौजेतला नाईक म्हणा. जन्म १८३८, उत्तर कॅरोलिनात, गुलामीत. लहानपणीच त्याचं स्वातंत्र्य पैसे मोजून विकत घेतलं गेलं आणि त्याला न्यूयॉर्कला कृष्णवर्णीय मुलांच्या अनाथाश्रमात ठेवलं. तिथे तो लिहा-वाचायला शिकला. १८५६ मध्ये न्यू बेडफर्डहून ‘सनबीम’ नावाच्या, देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर गेला. समुद्रावर कविता लिहिल्या. १८६२ मध्ये न्यू बेडफर्डला एलन अ‍ॅलनशी लग्न केलं आणि १४ फेब्रुवारी १८६३ ला फौजेत नाव घातलं. तेव्हापासून वर्षभर तो आपल्या गावच्या ‘मर्क्युरी’ या वर्तमानपत्राला पत्रं पाठवत राहिला, एकूण ४८. खाली सही फक्त ‘जे. एच. जी.’

आणि एक पत्र त्यानं थेट अब्राहम लिंकनला लिहिलं. २८ सप्टेंबर १८६३, मॉरिस बेट, दक्षिण कॅरोलिना.

पत्राचा विषय पगार. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, वर कपड्यांचा भत्ता. काळ्या शिपायाला १० डॉलर आणि त्यातूनच ३ डॉलर कपड्यांचे कापायचे, म्हणजे हातात ७. भरतीच्या वेळी मात्र सगळ्यांना सारखा पगार कबूल केला होता. सरकारनं ज्या कायद्यावर बोट ठेवलं तो १८६२ चा होता आणि त्यात काळी माणसं खंदक खणणारी, ओझी वाहणारी म्हणूनच धरलेली होती. ५४ व्या पलटणीनं कमी पगार घ्यायला नकार दिला. सात नाही, दहाही नाही, घेऊ तर पुरा घेऊ. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळानं वरचा फरक आम्ही भरतो म्हटलं, तेही त्यांनी नाकारलं. जवळजवळ अठरा महिने पलटण बिनपगारी लढली. घरी बायका-पोरांचे हाल झाले, तरी.

त्या रात्री वडिलांना फोन केला. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. माण तालुक्यातले, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. मी सगळं भडाभडा सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अगं, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ कुणाला अर्पण केलंय, आठवतंय का?” मला आठवत नव्हतं. त्यांनी उठून कपाटातून पुस्तक काढलं आणि फोनवर वाचून दाखवलं. १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, त्यांनी गुलामांना मुक्त करण्याच्या कामी जे औदार्य दाखवलं त्याबद्दल. “म्हणजे तुझ्या शिपायाच्या पत्रानंतर दहा वर्षांत इकडं पुण्यात बसून एक माणूस त्यांची आठवण काढतोय. तू ते पत्र मराठीत आण. आणि नुसतं इंटरनेटवरनं उचलू नको, कागद बघ.”

हे ‘कागद बघ’ मला पुढचे दहा महिने पुरलं.

फेब्रुवारीत घरबसल्या सुरुवात केली. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसची यादवी युद्धातल्या शिपायांची आणि खलाशांची यादी आंतरजालावर फुकट आहे. नाव टाकलं की पलटण, कंपनी, भरती होतानाचा हुद्दा आणि बाहेर पडतानाचा हुद्दा मिळतो. तिथून पुढे सगळे कागद पलटणीच्या नावानं लावलेले असतात, माणसाच्या नावानं नव्हे, म्हणून पलटण आणि कंपनी आधी पक्की करा. नावाच्या निरनिराळ्या स्पेलिंगांनीही शोधा. कारकुनानं कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे एकच नाव चार तऱ्हांनी वाचायची सवय मला होती, ती इथे कामी आली.

याच महिन्यात मी एक चूक केली. घाईघाईनं एका संकेतस्थळाची वर्षभराची वर्गणी भरली, ऐंशी डॉलर. तेच कागद सरकारी दफ्तरखान्यात बसून फुकट बघता येतात हे मार्चमध्ये कळलं. स्वतःची कमाई नसताना ऐंशी डॉलर ही मोठी रक्कम असते, मला ते फार लागलं. तुम्ही आधी जवळच्या दफ्तरखान्याला फोन करा, मगच पैसे भरा.

नॅशनल आर्काइव्हज, म्हणजे अमेरिकेचा राष्ट्रीय दफ्तरखाना म्हटलं की वॉशिंग्टन डोळ्यांपुढे येतं, पण त्यांच्या शाखा देशभर आहेत. बॉस्टनची शाखा वॉल्थमला आहे, आमच्यापासून अर्ध्या तासावर. १२ मार्चला, मंगळवारी, नवऱ्यानं ऑफिसला जाताना मला तिथे सोडलं. आदल्या आठवड्यात फोन करून ठेवला होता. डबा, पाण्याची बाटली, पेन, ओव्हरकोट सगळं बाहेरच्या कपाटात ठेवायचं आणि आत फक्त पेन्सिल आणि कोरे कागद. तिथल्या बाईंनी मला संगणकासमोर बसवलं आणि सेवापत्रिका कशी उघडायची ते दाखवलं. एरवी ज्याला पैसे पडतात ते त्या खोलीत कुणालाही खुलं होतं.

सेवापत्रिका म्हणजे काय ते सांगते, कारण माझी फार वेगळी कल्पना होती. मला वाटलं होतं शिपायाचे स्वतःचे कागद असतील, त्याचं अक्षर असेल. तसं नसतं. दर दोन महिन्यांनी पलटणीची हजेरी व्हायची, तिच्या मोठाल्या याद्या असायच्या. युद्धानंतर पेन्शनचे दावे इतके आले, की १८८० च्या दशकाच्या शेवटापासून युद्धखात्यातल्या कारकुनांनी त्या याद्या फोडून प्रत्येक शिपायाच्या नावाची कार्डं केली. एका हजेरीला एक कार्ड. तुमच्यासमोर येतं ते या कारकुनांचं अक्षर. माणूस हजर होता की नाही, इस्पितळात होता का, त्याच्याकडून काय वसूल करायचं होतं, एवढंच.

पण कार्डं ओळीनं बघत गेलं की त्यातही माणूस दिसायला लागतो. हजर. हजर. पुन्हा हजर. आणि मग २० फेब्रुवारी १८६४. फ्लोरिडात ऑलस्टीला लढाई झाली, उत्तरेची फौज मागे हटली आणि गुडिंग जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. शेवटी जॉर्जियातला अँडरसनव्हिलचा युद्धकैद्यांचा तुरुंग, मृत्यू १९ जुलै १८६४. एवढं मी आधी वाचलेलं होतं, तरी त्या कारकुनी अक्षरात ते बघताना घशाशी आलं. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे गृहस्थ आपल्या पणजोबांचे कागद बघत होते. त्यांनी काही न बोलता टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला.

इथे एक गोष्ट शिकले. गुडिंग स्वतःचं जन्मस्थान न्यूयॉर्क राज्यातलं ट्रॉय सांगायचा, आपण जन्मतःच स्वतंत्र असल्यासारखं. गुलामीत जन्म झाल्याचं संशोधकांना फार नंतर, अनाथाश्रमाच्या नोंदींवरून कळलं. पळालेल्या गुलामांना पकडून परत पाठवण्याचा कायदा त्या काळी उत्तरेतही लागू होता. तेव्हा स्वतःला स्वतंत्र जन्मलेला म्हणवून घेणं ही त्याची ढाल असणार, असं मला वाटतं. एकाच कागदावर विसंबून माणसाचं चरित्र लिहू नये.

एप्रिल-मेमध्ये मी तीनदा न्यू बेडफर्डला गेले. बॉस्टनहून बस, जाऊन-येऊन साधारण तीस डॉलर. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात ‘मर्क्युरी’चे जुने अंक मायक्रोफिल्मवर आहेत. या दिवसांबद्दल किती लिहू आणि किती नको असं होतं.

मायक्रोफिल्मचं यंत्र ज्यांनी वापरलेलं नाही त्यांच्यासाठी: फितीचं रीळ एका बाजूला चढवायचं, काचेखालून ओढून दुसऱ्या बाजूला अडकवायचं आणि मूठ फिरवत पानं पुढे न्यायची. पान सरकताना डोळे पडद्यावर ठेवले तर तासाभरात मळमळायला लागतं. सरकताना नजर दुसरीकडे न्यायची, थांबलं की वाचायचं. पोटात काहीतरी असू द्या. छपाई बारीक, आठ-आठ रकाने, कडेला शाई फाकलेली. मी पहिल्या दिवशी पाच तासांत दोनच पत्रं शोधू शकले, कारण मी पत्राच्या तारखेचा अंक उघडत होते. दक्षिणेतून निघालेलं पत्र बोटीनं यायचं आणि छापून व्हायला दहा-बारा दिवस लागायचे, हे लक्षात आल्यावर काम झपाझप व्हायला लागलं. प्रत काढताना तिच्या मागे लगेच अंकाची तारीख, पान, रकाना लिहा. माझ्या पाच प्रती अशाच अनाथ राहिल्या आणि तिसरी खेप त्यासाठीच करावी लागली.

पण ती पत्रं! रेडव्हिलच्या छावणीतली पहिली पत्रं उत्साहानं भरलेली आहेत. कवायत, थंडी, गावातून आणखी कोण भरती होतंय. गावच्या लोकांना तो परोपरीनं सांगतो की आता मागे राहू नका, ही वेळ पुन्हा यायची नाही. न्यू बेडफर्डची पोरं मुख्यतः सी कंपनीत होती, त्यामुळे हे पत्र म्हणजे अख्ख्या गावाला आपल्या मुलांची खबर. २८ मे १८६३ ला पलटण बॉस्टनहून निघाली. जुलैत वॅगनर. सुमारे सहाशे जण हल्ल्यात गेले, त्यातले २७२ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. कर्नल शॉ तटावर पडला आणि त्याला त्याच्या शिपायांबरोबरच एका खड्ड्यात पुरलं. गुडिंगनं दोन दिवसांनी, २० जुलैला लिहिलेल्या पत्रात हा हल्ला येतो. खंदकातून तटावर चढलो, मारा भयंकर होता, पण किल्ल्यात शिरता आलं नाही, असं तो सरळ लिहितो. कुठेही आरडाओरडा नाही. हेच पत्र गावातल्या चौकात कुणीतरी मोठ्यानं वाचलं असेल, आणि ऐकणाऱ्यांत कुणाची आई असेल, या विचारानं मी यंत्राचा दिवा बंद करून दहा मिनिटं नुसती बसले.

त्यानंतरचा उन्हाळा मॉरिस बेटावर खंदक खणण्यात गेला. तोफांच्या माऱ्याखाली, वाळूत, रात्रंदिवस. ऑगस्टमध्ये पगारवाटप करणारा अधिकारी येऊन दहा डॉलरचं विचारून गेला. लिंकनला लिहिलेलं पत्र याच्या पाठोपाठ येतं.

ते पत्र बघायला जूनमध्ये वॉशिंग्टनला गेले. मे महिन्यात ई-मेल करून ठेवला होता. उत्तर यायला नऊ दिवस लागले आणि त्यात पत्र कुठल्या दप्तरात आहे ते व्यवस्थित कळवलं होतं. तुमच्या ई-मेलमध्ये पूर्ण नाव, पलटण, कंपनी आणि नेमकं काय हवंय हे चार ओळींत लिहा. ‘माझ्या संशोधनासाठी जे असेल ते’ असं लिहू नका. जाता आलं नाही तर टपालानं प्रती मागवता येतात. सेवापत्रिकेचे तेव्हा ३० डॉलर होते, यादवीतल्या शिपायाच्या संपूर्ण पेन्शन फायलीचे ८०. स्वतः गेलात तर आपल्या फोननं फ्लॅश न वापरता फुकट फोटो काढता येतात.

रात्रीच्या बसनं गेले, रॉकव्हिलला मैत्रिणीकडे उतरले. मेट्रोच्या ‘आर्काइव्हज’ स्थानकावर बाहेर आलं की समोरच इमारत. पर्यटकांची रांग कॉन्स्टिट्यूशन अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला असते, त्यांना स्वातंत्र्याचा जाहीरनामा बघायचा असतो. संशोधकांचं दार उलट्या बाजूला, पेनसिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूवर. मला ‘संशोधक’ म्हणवून त्या दारानं आत जायची भीती वाटत होती. कुठल्या विद्यापीठाच्या, असं विचारलं तर काय सांगू? कुणी विचारलं नाही. पासपोर्ट बघितला, संगणकावर नियमांची माहिती वाचायला लावली, फोटो काढला आणि माझ्या नावाचं संशोधकाचं कार्ड हातात दिलं. वर्षभर चालतं, पैसे लागत नाहीत. या देशात येऊन तीन वर्षं झाली होती. माझ्या व्हिसापासून बँकेच्या खात्यापर्यंत सगळ्या कागदांवर मी कुणाची तरी अवलंबित होते. या कार्डावर फक्त माझं नाव होतं. ते मी अजून जपून ठेवलंय.

कागद ठरावीक वेळांनाच आतून काढून आणतात, एक वेळ चुकली की पुढच्या वेळेची वाट बघायची. म्हणून सकाळी उघडताच पोचा. पलटणीच्या मूळ वह्या आता हाताळायला देत नाहीत, कारण त्यांची मायक्रोफिल्म झालेली आहे. अँडरसनव्हिलच्या नोंदींचंही तसंच. लिंकनला लिहिलेल्या पत्राची मला मूळ आकाराची स्वच्छ प्रत मिळाली. मूळ कागद वेगळा सांभाळून ठेवलेला असतो, ही थोडी निराशा. पण ती प्रत समोर आली आणि निराशा विसरले.

हे त्याचं स्वतःचं अक्षर. उजवीकडे झुकलेलं, नेटकं. ‘युवर एक्सलन्सी’ लिहिताना एक ‘एल’ गळालाय. धिटाईबद्दल माफी मागताना त्या ‘धिटाई’च्या स्पेलिंगमधला ‘पी’ राहून गेलाय. आणि स्वल्पविराम! जिथे नको तिथेही स्वल्पविराम. दोन शब्द, स्वल्पविराम, तीन शब्द, स्वल्पविराम. मी मनातल्या मनात वाचायचं सोडून ओठ हलवत वाचून बघितलं, तेव्हा वाटलं, हे विराम व्याकरणाचे नसून श्वासाचे आहेत. हा माणूस लिहिता लिहिता बोलत होता. राष्ट्राध्यक्षांपुढे उभं राहून, एकेक शब्द जपून. ‘शिपाई’ या शब्दाचं पहिलं अक्षर त्यानं बहुतेक ठिकाणी मोठं काढलंय.

त्या एका प्रतीवर मी अडीच तास होते.

अँडरसनव्हिलला ऑक्टोबरात गेलो. नवऱ्यानं दोन दिवस रजा काढली. अटलांटापर्यंत विमान, पुढे भाड्याची गाडी, दक्षिणेला दोन-सव्वादोन तास. विमान, गाडी, एक रात्र राहणं धरून दोघांचे साधारण सातशे डॉलर, सगळ्या प्रवासातला मोठा खर्च हाच. तिथे प्रवेशाला पैसे नाहीत. दफनभूमीच्या कार्यालयात नाव आणि पलटण सांगितली की थडग्याचा क्रमांक लिहून देतात. ३५८५.

हा तुरुंग म्हणजे लाकडी ओंडक्यांच्या कुंपणातलं साडेसव्वीस एकरांचं उघडं मैदान. चौदा महिन्यांत सुमारे ४५,००० कैदी आले, त्यातले जवळजवळ १३,००० मेले. हगवण, स्कर्व्ही (ताजी फळं-भाज्या न मिळाल्यानं होणारा रोग), उपासमार. मधून वाहणारा एक ओढा, तोच प्यायला आणि तोच घाणीला. आता तिथे नुसतं गवत आहे आणि चारी बाजूंनी पांढरे खुंट, कुंपण कुठे होतं ते दाखवायला.

मेलेल्यांची नावं राहिली ती डोरेन्स अ‍ॅटवॉटर या पोरामुळे. विशीही न गाठलेला हा कैदी मृतांच्या नोंदी लिहायच्या कामावर होता. त्यानं गुपचूप दुसरी यादी केली आणि सुटताना बाहेर आणली. १८६५ च्या उन्हाळ्यात ती यादी घेऊन तो क्लारा बार्टन या युद्धात जखमींची शुश्रूषा केलेल्या बाईंबरोबर परत इथे आला आणि थडग्यांवर नावं लागली. अनोळखी राहिले ते फक्त ४६० च्या आसपास.

थडग्यांचे दगड एकमेकांना जवळजवळ चिकटून आहेत. मधे हातही जाणार नाही. प्रेतं चरांमध्ये खांद्याला खांदा लावून ठेवली होती, म्हणून. क्रमांक वाचत वाचत आम्ही रांगेतून चाललो. ३५८५ सापडल्यावर मी खाली बसले. दगडाच्या पायाशी पाइनच्या वाळक्या सुया साचल्या होत्या, त्या हातानं बाजूला केल्या. समान पगाराचा कायदा काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं केला १५ जून १८६४ ला. तेव्हा हा इथे, या कुंपणात, जिवंत होता. त्यानंतर चौतीस दिवसांनी गेला. पलटणीच्या हातात थकलेला पगार पडला तो त्या वर्षीच्या शरदात. हे सगळं मला तारखांनी पाठ होतं, पण त्या दगडापाशी बसून चौतीस हा आकडा मोजला तेव्हा नवऱ्याचा हात धरावा लागला.

परत आल्यावर भाषांतराला बसले. चार खर्डे झाले. अडलं एकाच वाक्यावर, जो पत्रातला मुख्य प्रश्न आहे: आम्ही शिपाई आहोत की ‘लेबरर्स’? मी ‘मजूर’ लिहिलं होतं. फोनवर वाचून दाखवलं तर अण्णा म्हणाले, “मजूर नको. बिगारी म्हण.”

“का हो अण्णा? मजूर बरोबर आहे की.”

“मजुराला ठरलेली मजुरी मिळते. बहात्तरच्या दुष्काळात मी दहिवडीच्या रस्त्यावर खडी फोडलीय. अकरावीत होतो. हजेरी लागायची, पगाराचा पत्ता नाही. मुकादमाला विचारलं तर म्हणायचा, बिगाऱ्यानं बोलायचं नसतं. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं, पण मोल द्यायला हात मागं, त्याला आमच्याकडं बिगारी म्हणतात. तुझा शिपाई तेच विचारतोय.”

अण्णांनी खडी फोडल्याचं मला माहीत होतं. पगार थकल्याचं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी खोडून ‘बिगारी’ लिहिलं.

गुडिंगचे स्वल्पविराम ठेवायचे की नाही यावरही खूप विचार केला. शेवटी ठेवले. पहिल्यांदा वाचताना ठेच लागते, पण मोठ्यानं वाचलं की कळतं. ज्यांना जुनी पत्रं भाषांतरित करायची आहेत त्यांना एवढंच सांगेन, की पत्र सुधारून घेऊ नका. लिहिणाऱ्याचं शिक्षण, घाई, भीड, सगळं त्या चुकांमध्ये असतं.

१७ नोव्हेंबरला पक्की प्रत अण्णांना पाठवली. त्यांनी ती फुलस्केप कागदावर आपल्या हातानं उतरवून काढली, कारण पडद्यावर वाचायला त्यांना जमत नाही. रविवारी सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. आई शेजारी भाजी निवडत बसली होती. अण्णांनी चष्मा लावला, कागद दोन्ही हातांत धरला आणि वर्गात धडा वाचावा तसं खणखणीत वाचायला लागले. मायन्याशी, माफी मागण्याशी, दहा डॉलरशी, प्रत्येक स्वल्पविरामाशी थांबत. “आता मुख्य प्रश्न असा, आम्ही शिपाई आहोत, की बिगारी?” आईचा हात थांबला. पुढे ते गोऱ्या आया-बायका-बहिणींपाशी आले, ज्या गेलेल्या मुलग्यांसाठी, नवऱ्यांसाठी, भावांसाठी आता एकट्याच रडत नाहीत. आणि मग: “महाराज, आम्ही शिपायाचं काम केलं आहे. मग शिपायाचा पगार, आम्हांला का मिळू नये?”

अण्णांनी कागद खाली ठेवला नाही. आई म्हणाली, “अहो, पहिल्यापासून वाचा ना एकदा.” त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा तारखेपासून सुरुवात केली.